पांढरी की चंदेरी

३ नोव्हेंबर २०२५

पूनम आज पनवेलहून आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीतच आहे. जावई मितेश सोडायला आला होता. डॉक्टरांनी तारीख जानेवारीच्या मध्याची दिली आहे. जेवताना मितेशने विचारलं, "बाबा, टाइम आला की अलिबागला न्यायचं कसं? रिक्षाने?"

मी हातातला घास ताटात ठेवला. एकतीस वर्षं मी बंदरातून चाळीस फुटी ट्रेलर काढले, आणि माझी लेक या खड्ड्यांतून रिक्षाने जाणार? तिथल्या तिथे सांगून टाकलं की जुनी का होईना, सेडान घेतो. जीपची पायरी उंच असते, छोट्या गाडीत पाय दुमडून बसावं लागतं. पूनमला मागे आडवं होता आलं पाहिजे आणि सामान डिकीत मावलं पाहिजे. "आणि चालवणार मी. तुला मीच नेणार," असं मी पूनमला वचन दिलं. ती खूश झाली. माझी बायको काशी मात्र ताटातली चटणी बोटाने सारखी करत बसली. तिला गाडीपेक्षा म्हैस बरी वाटत असेल.

ही वही पूनमनेच आणली. ट्रेलरवर असताना रोज फेरीची नोंद लिहायचो, ती सवय अजून सुटलेली नाही. पण वहीवाल्यांनी रेघा इतक्या फिकट छापल्या आहेत की आहेत की नाहीत तेच कळत नाही. मी अंदाजाने लिहितो आहे. हल्ली कोणी कुठल्या कामात जीव ओतत नाही.

७ नोव्हेंबर

पोयनाडला हर्षदकडची पांढरी पाहिली. हर्षद जुन्या गाड्यांची दलाली करतो. पोरगा तोंडाचा गोड आहे, त्यामुळे मी आधीच सावध होतो. गाडी अकरा वर्षांची, डिझेल. टायर काढायच्या लोखंडी टामीने चारही टायर ठोकून पाहिले, आवाज टणटणीत.

"काका, टायर नवीन हायेत, ठोकताय कशाला?"

"टायर बोलतो. तू गप बस," मी म्हटलं.

मग घरून नेलेल्या तांदळाच्या चार गोण्या भरल्या. दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर. हर्षद बघतच राहिला. रिकामी गाडी सगळ्यांशीच गोड बोलते, भरली की खरं सांगते. पांढरीने कार्ले खिंडीचा चढ तिसऱ्या गिअरवर काढला, एकदाही कुरकुर नाही. इंजिनात दम आहे. खड्ड्यातही बूड आपटत नाही. डिकी तर एवढी की गोण्यांशेजारी काशीही मावली असती. हे तिला बोलून दाखवलं नाही.

खोट एकच. समोरची काच धुकट आहे. उन्हाकडे गाडी वळली की काचेवर दूध सांडल्यासारखं होतं. हर्षदने तीनदा पुसली. "काका, काच एकदम क्लीन हाय," म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडे, तसं या दलालांचं. स्वतःच्या मालातली खोट कधी कबूल करायची नाही.

११ नोव्हेंबर

एसटीने माणगावला गेलो, काशीही आली. तिथे जागृती मॅडम म्हणून शाळेतल्या शिक्षिका आहेत, त्यांची चंदेरी विकायची आहे. गाडी बारा वर्षांची, पेट्रोल. बाईंनी सगळ्या सर्व्हिसचे कागद वर्षावार फाइलला लावून ठेवलेत. मला वाटलं आता माझीही हजेरी घेतील.

इथे तांदूळ नव्हता. मी भार भरून बघतो म्हटल्यावर मॅडमनी शेजारच्या तीन मावश्यांना हाका मारल्या. वजन गोण्यांच्या बरोबरीचं, बडबड गोण्यांपेक्षा पुष्कळ जास्त. भरलेली चंदेरी चढाला सुस्तावते. एसी लावला की उसासा टाकते, दुसऱ्या गिअरवर आणावीच लागते. पोटही जमिनीला जवळ, एका गतिरोधकावर खर्रकन घासलं. पण सपाट रस्त्यावर इतकी शांत चालते की इंजिन चालू आहे ना, म्हणून मी एकदा विचारलं. मागची सीट ऐसपैस आहे. मावश्या ऐसपैस असूनही हे सांगतो आहे.

आणि काच? हिचीही धुकट! दोन्ही गाड्या एका माळेचे मणी.

परतताना काशी म्हणाली, "निलसर हाय गाडी."

"चंदेरी आहे."

"निलसर हाय जरा," ती पुन्हा म्हणाली. मी सोडून दिलं. थोड्या वेळाने एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत तिने विचारलं, "आवं, दोन्ही गाड्यांच्या काचा एकाच येली कशा खराब झाल्या?"

मी तिला वायपरमुळे काचेवर ओरखडे कसे पडतात ते वडखळ येईपर्यंत समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

१२ नोव्हेंबर

रात्रभर पांढरी आणि चंदेरी आलटून पालटून चालवली, अंथरुणात. कामाला पांढरी. ओढ आहे, डिझेल कमी पिते, आमच्या बांधावरच्या रस्त्याला पोट लागणार नाही. अंगाला चंदेरी. पोटुशी बाई मागे झोपलेली असताना गाडी थरथरता कामा नये, आणि पांढरी उभी असताना दाते पडलेल्या जात्यासारखी थरथरते. मितेश फोनवर म्हणतो पांढरीच घ्या, त्याच्या ओळखीच्या मेकॅनिकने फोटो आणि व्हिडिओ बघून पास केली आहे. गाडी फोटोत बघून पास करतात आता. मुली तरी समोर बसवून बघतात.

माझंही मन पांढरीकडेच झुकतं आहे. वीस किलोमीटरचा प्रश्न आहे, पण मधे खिंड आहे. खिंडीत दम लागतो.

दुपारी काशीने बोईट केली होती. खाडीची मासळी, चवीला एक नंबर आणि काट्यांनी भरलेली. माझ्या ताटात मात्र काटे काढून, कुस्करून वाढली. मी म्हटलं, मी काय दात न आलेलं पोर आहे? "पूनमसाठी काढलेले, तुमच्याही ताटात आले," म्हणाली. शिवाय तिने ओटीच्या पायऱ्यांच्या कडांना चुन्याचे जाड पांढरे पट्टे ओढले आहेत. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले, ही शोभा आता कुणासाठी? विचारलं तर म्हणे, "बरं दिसतं."

१६ नोव्हेंबर

हर्षदने पांढरी दोन दिवस वापरून बघायला दिली आहे. संध्याकाळी दोघींना घेऊन खाडीच्या बांधावरून फिरवून आणायला निघालो. काशी पुढे, पूनम मागे पाय पसरून. दिवस नुकताच मावळला होता.

समोरून डंपर आला. त्याचे दिवे फुटले. फुटले म्हणजे माझ्यापुरते. दोन दिव्यांची दोन पांढरी फुलं झाली आणि सगळा रस्ता त्यात गेला. मी ब्रेक दाबला. डंपर गेला तेव्हा माझ्या बंपरपासून चार हातांवर एक माणूस सायकल धरून उभा होता. 

मी खाली उतरून त्याच्यावरच ओरडलो. सायकलला लाल काच लावायला काय होतं? तो सायकल ढकलत निघून गेला. पूनम मागून हळूच म्हणाली, "बाबा, त्याचा शर्ट पांढरा होता."  काशी घरी येईपर्यंत दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

आता वहीत तरी खरं लिहितो, इथे वाचणारं कोणी नाही.

माझी आई मनुबाई. तिला काचबिंदू होता, आमच्यात नुसतं 'काच' म्हणतात. बावन्नाव्या वर्षी तिची नजर पूर्ण गेली. पुढची अठरा वर्षं ती भिंत चाचपत चालली. चुलीचा ताव हाताला लागला की कळायचं, चूल आली. तेव्हाच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, हे मुलांतही येतं, दरवर्षी डोळे दाखवत जा. दोन वर्षांपासून माझ्या डोळ्यांपुढे धुरळा आहे. मी दाखवलेले नाहीत. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? फेब्रुवारीत लायसन्सची मुदत संपते, तेव्हा डोळे तपासावेच लागतील. त्याआधी पूनमला एकदा अलिबागला पोचवली की झालं, असं मनाशी धरून बसलो होतो.

काच दोन्ही गाड्यांची चांगली आहे. मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.

मी भ्यालो आहे.

१८ नोव्हेंबर

तरीही आज पांढरीची बोलणी पक्की करायला पोयनाडला गेलोच. मागच्या पानावर काय लिहिलं ते लिहिलं, पण दिलेलं वचन मोडायला मन तयार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मितेश मुद्दाम रजा टाकून आला होता, त्यानेच गाडी चालवली, मी मागे बसलो. मी म्हटलं, शेवटचं एकदा स्टेपनीची जागा बघू. डिकीतली चटई उचलली, स्टेपनी काढली. खालचा पत्रा स्वच्छ रंगवलेला होता. मितेशने मोबाइलचा दिवा मारून बघितला, "एकदम क्लीन आहे, बाबा." मला तसंही काही दिसत नव्हतं, म्हणून मी पत्र्याच्या सांध्यातून बोट फिरवलं आणि बोट तोंडात घातलं.

हर्षद आणि मितेश एकमेकांकडे बघायला लागले. म्हातारा कामातून गेला, असंच वाटलं असेल.

माझा बाप मिठागरात राबायचा. आठ वर्षांचा असल्यापासून तो माझं बोट आगराच्या पाण्यात बुडवून तोंडात घालायला लावायचा आणि विचारायचा, झालं का? पाणी कुठल्या दिवशी मिठाला आलं, कुठल्या दिवशी कडू झालं, ते आम्ही जिभेने सांगायचो. माझी जीभ ते विसरलेली नाही. सांध्यात मीठ होतं. वाऱ्याने येणारं मीठ गाडीला बाहेरून लागतं, चटईखाली स्टेपनीच्या खाली जात नाही. आणि मागून कडवट चव होती, चिखलाची. उधाणाचं पाणी या गाडीत साचून राहिलेलं होतं.

"हर्षद, ही गाडी खाडीच्या पाण्यात उभी होती," मी म्हटलं.

तो शपथा घ्यायला लागला. मी म्हटलं, चाट. बिचाऱ्याने खरंच बोट फिरवून चाटलं. तोंड वाकडं करून त्याने आधीच्या मालकाला फोन लावला. पाच मिनिटांनी परत आला तो खांदे पाडूनच. दोन वर्षांपूर्वी बांध फुटला तेव्हा गाडी दोन दिवस सीटपर्यंत पाण्यात होती. "आईशप्पत काका, मना म्हाईत नव्हतं." मला ते खरं वाटलं. अशा गाडीच्या वायरी आतून कुजत जातात. खिंडीत मधेच बंद पडली असती, मागे पूनम असताना. मितेशचा चेहरा उतरला होता. त्या मेकॅनिकचं नाव पुन्हा निघालं नाही.

घरी जेवताना मी जरा छाती काढूनच सांगितलं. काशीने सगळं ऐकलं, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाली, "डोल्यांना जे दिसलं न्हाय ते जिभेनं धरलंव. बरं केलंव. पन गाडी काय जिभेनं चालवाल?"

मी तांब्या उचलून पाणी प्यायलो.

"दोन वर्सं बघते मी. काटे काढते, चुना लावते, दिवा मोठा करते. तुम्ही सांगाल, तुम्ही सांगाल म्हनून वाट बघते." मग तिने सांगितलं की अलिबागला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे वीस तारखेचा नंबर लावून ठेवला आहे.

मी ताटावरून उठलो.

२१ नोव्हेंबर

काल गेलो नाही. सकाळी न सांगता बांधावर जाऊन बसलो, दुपारी आलो. काशी बोलत नाही.

आज पूनम पोट सांभाळत ओटीवर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, गाडी कोणीही चालवेल. मितेश येईल, नाहीतर रिक्षा आहे. पण माझं बाळ तुम्हाला दिसलं पाहिजे. मला दुसरं काही नको." आणि रडायला लागली. तिला या दिवसांत रडवणारा मी कोण?

सोमवारचा नंबर मिळाला आहे. जातो.

२४ नोव्हेंबर

प्राप्ती डॉक्टर आमच्या पूनमपेक्षाही लहान दिसतात. दिसतात म्हणजे आवाजावरून. यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यावर हवेची फुंकर मारली, थेंब घातले, आत दिवा मारून बराच वेळ बघितलं. काशी कोपऱ्यात पदर हातात गोळा करून उभी होती.  ट्रेलरचा ब्रेक उतारावर फेल झाला होता त्या दिवशीही मी इतका भ्यालो नव्हतो.

बाई म्हणाल्या, "काका, काचबिंदू नाही."

मी म्हटलं, "पुन्हा सांगा."

"काचबिंदू नाहीये. डोळ्यांतला दाब बरोबर आहे, मागची नसही चांगली आहे. तुम्हाला साधा मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. डावा पिकलाय. आतलं भिंग गढूळ झालंय, ते बदललं की दिसेल."

मी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. त्यांनी न चिडता सांगितलं. आईला होता म्हणून वर्षातून एकदा तपासणी करायची आणि ऑपरेशन होईपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही, असा दम दिला. हो म्हटलं. त्या वेळी त्यांनी मला विमान चालवू नका म्हटलं असतं तरी हो म्हटलं असतं.

बाहेर आलो आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. लोक बघत होते, बघू देत. दोन वर्षं मी मनात भिंत चाचपत होतो आणि ती भिंत नव्हतीच. काशी शेजारी बसली. डोळे पुसायला पदर पुढे केला आणि म्हणाली, "पुसू नका, थेंब घातलेत." मग तीच रडली.

घरी आल्या आल्या जागृती मॅडमना फोन लावला. म्हटलं, मॅडम, तुमच्या गाडीची काच चांगली आहे, मी उगाच नावं ठेवली, माफ करा आणि गाडी मला द्या. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही गेल्यावर मी ती काच दोनदा धुतली." नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मी हर्षदवर मारली होती. परत घेतो.

२९ नोव्हेंबर

चंदेरी घरी आली. जागृती मॅडमनी स्वतः चालवत आणून दिली. मी माणगावला त्यांना घ्यायला गेलो होतो, तो येताना डावीकडे बसलो. एकतीस वर्षांत मी कधी डावीकडे बसलो नव्हतो, ती क्लीनरची बाजू. सुरुवातीला माझा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबत होता. नागोठणं आल्यावर पाय थांबला. बाई गाडी छान चालवतात, गिअर वेळेवर टाकतात. बांधावरच्या चढावर पोट घासेल म्हणून मी म्हटलं, तिरकी घ्या. त्यांनी तिरकी घेतली. घासलं नाही.

४ डिसेंबर

परवा डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, काल पट्टी काढली.

आधी दवाखान्यातल्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, तारखांसकट. मग काशी दिसली. केवढी म्हातारी झाली आहे, आणि मला कोणी सांगितलंच नाही. तिला म्हटलं तर म्हणे, "आरशात बघा आधी." आरशात बघितलं. तिचं बरोबर आहे.

मितेशने चंदेरीतून घरी आणलं. अंगणात उतरलो आणि गाडीकडे बघत उभा राहिलो. गाडी निळसर आहे. अगदी फिकट, पण निळसर. काशीने माझ्याकडे बघितलं आणि पिशव्या घेऊन आत गेली. काही बोलली नाही, ही तिची मेहेरबानी.

ओटीच्या पायऱ्यांवरचे चुन्याचे पट्टे आता लांबूनही दिसतात. सरळ आलेले नाहीत. गुडघे टेकून ओढले असणार तिने, तिचे गुडघे दुखतात. 

वहीची मागची पानं चाळली. रेघा चांगल्या ठसठशीत आहेत. माझीच अक्षरं त्यांच्यावरून गुरांसारखी उधळली आहेत.

५ जानेवारी २०२६

प्राप्ती डॉक्टरांनी तपासलं. चष्म्याचा नंबर दिला, दिवसा गाडी चालवायला परवानगी दिली. उजवा डोळा फेब्रुवारीत. आता मला त्या समोरूनही पूनमपेक्षा लहान दिसतात.

११ जानेवारी

सकाळी साडेआठला पूनमच्या कळा सुरू झाल्या. मितेश पनवेलला, त्याला निघून यायला दोन तास लागणार. शेजारचा रिक्षावाला दारात येऊन उभाही राहिला होता. मी चावीकडे हात नेला नाही. वचन माझं होतं, पण बसणारी ती होती. पूनमने भिंतीला धरून एक कळ जाऊ दिली, खुंटीवरची चावी काढली आणि माझ्या हातात दिली. "चला, बाबा."

काशी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. चंदेरीला चंदेरीच म्हणतो, आता सवय झाली. गाडी तेल घातल्यासारखी निघाली. प्रत्येक गतिरोधक लांबून दिसत होता, प्रत्येक तिरका घेतला. पेझारीच्या पुढे सायकलवर एक माणूस दिसला. त्याचा शर्ट चौकटीचा होता आणि वरचं बटण तुटलेलं होतं. मी हॉर्न न वाजवता त्याला जागा दिली. खिंडीत गाडी सुस्तावली, मी दुसरा टाकला, एसी बंद केला. तिने एक उसासा टाकला आणि चढली. मागून पूनम म्हणाली, "बाबा, गाडी हलतच नाहीये." एकतीस वर्षांत मला कोणी एवढी मोठी शाबासकी दिली नव्हती.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. नर्सने माझ्या हातात दिली. मी चष्मा पुसून घेतला आणि बघत बसलो. कानाच्या पाळीवर तिला मोहरीएवढा तीळ आहे. घरच्यांत तो आधी मी पाहिला.

१५ जानेवारी

पूनमला आणि बाळाला घरी आणलं. गाडी तीसच्या वर नेली नाही, मागे बैलगाडीवाल्याने घंटा वाजवली तरी.

दुपारी काशीने बोईट केली. माझ्या ताटात आख्खी वाढली, डोक्यासकट, काट्यांसकट. मी तिच्याकडे बघितलं. ती भाताच्या टोपात डाव फिरवत होती.

मी एकेक काटा काढून ताटाच्या कडेला लावला आणि सावकाश जेवलो.